लष्करी प्रतिकृतींचे वेदरिंग

रणगाडे, चिलखती गाड्या, लष्करी ट्रक यांच्या लहान प्रतिकृतींना मूळ रंग दिल्यावर त्यांवर धूळ, चिखल, गंज, तेलाचे डाग, ओरखडे आणि उन्हाने विटलेला रंग यांचा आभास उभा करण्याच्या कामाला वेदरिंग म्हणतात. नुसत्या एका रंगात रंगवलेली प्रतिकृती कितीही सफाईने जुळवलेली असो, खेळण्यासारखीच दिसते. खऱ्या रणगाड्याच्या खाचाखोचांत जी सावली साचते, ती वीतभर वस्तूत पुरेशी पडत नाही. ती रंगानेच भरून काढावी लागते.

या छंदात १/३५ हे प्रमाण फार चालते. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये काढलेल्या पँथर या जर्मन रणगाड्याच्या प्रतिकृतीचा आकार आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील अशा बेताने ठरला, आणि पुढे तेच प्रमाण रूढ झाले. या प्रमाणात प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा होतो. नवशिक्यांचे बरेचसे काम इथेच बिघडते.

१९७०–८० च्या दशकांत बेल्जियमचे फ्रांस्वा वर्लिंडेन यांनी वॉश आणि ड्राय ब्रशिंग ही जोडी लोकप्रिय केली. वॉश म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग; ड्राय ब्रशिंगमध्ये जवळजवळ कोरड्या ब्रशाने कडांवर फिका रंग घासतात. पुढे तैलरंग, पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) आणि फिल्टर यांचा वापर वाढला, तसे ड्राय ब्रशिंग मागे पडले. फिल्टर म्हणजे संपूर्ण पृष्ठभागावर फिरवलेला अतिपातळ रंग. तो खालची छटा किंचित बदलतो आणि छलावरणाचे वेगवेगळे पट्टे एकमेकांत मिसळून घेतो.

कामाचा क्रम ठरतो तो द्रावकांवरून. मूळ रंग ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा) असेल तर तो पूर्ण वाळल्यावर व्हाइट स्पिरिटने (तैलरंग पातळ करणाऱ्या थिनरने) विरघळत नाही. म्हणून त्यावर इनॅमल (व्हाइट स्पिरिटने पातळ होणारा रंग) किंवा तैलरंगाचा वॉश लावता येतो आणि नको तिथला पुसूनही काढता येतो. मूळ रंगच इनॅमल असेल, तर मध्ये ॲक्रिलिक वॉर्निशचा थर हवा. चकचकीत वॉर्निशवर वॉश खाचेतून सरसर धावतो, मॅट पृष्ठभागावर तो पसरून डाग पाडतो. बोल्टच्या बुडाशी बारीक ब्रशाचे टोक टेकवले की रंग आपोआप भोवती फिरतो; एवढ्यावर थांबावे. थिनर सांध्यात साचू दिले तर ताणाखालच्या प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात. ट्यूबमधला तैलरंग काही तास पुठ्ठ्यावर ठेवला की त्यातले तेल शोषले जाते आणि तो मॅट वाळतो. असा रंग बिजागरीखाली टाचणीच्या टोकाएवढा लावून, व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला चपटा ब्रश वरून खाली ओढला की पावसाने उतरलेल्या गंजाचा ओघळ तयार होतो.

रंगाचे टवके दाखवण्यासाठी स्पंजचा तुकडा, बारीक ब्रश किंवा हेअरस्प्रे वापरतात. खालच्या रंगावर हेअरस्प्रे मारून वर ॲक्रिलिक रंग देतात, तो फार मुरण्याआधी पाण्याने भिजवून ताठ ब्रशाने घासतात. पाणी आत शिरून स्प्रे मऊ होतो आणि वरचा रंग वेडावाकडा सुटतो. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आघाडीवर हिवाळ्यापुरता फासलेला पांढरा रंग झिजत जायचा. तो दाखवायला ही रीत सर्वांत चांगली.

टवका कुठे आणि त्याखाली काय दिसते, याला कारण लागते. माणसे चढतात-उतरतात त्या कडा, झाकणांचे काठ आणि चिखलरोधक पत्रे आधी झिजतात. जर्मन वाहनांवर खोल टवक्यात लालसर प्रायमर, म्हणजे सर्वांत खालचा अस्तर-रंग, दिसतो. उत्तर आफ्रिकेत राखाडी रंगावर वाळूचा रंग चढवलेल्या गाड्यांवर मात्र आधी राखाडीच उघडा पडतो. एम-११३ या अमेरिकी चिलखती सैनिकवाहू गाडीचे चिलखत ॲल्युमिनियमचे असल्याने त्यावर तांबूस गंज रंगवणे ही चूकच. सायलेन्सर उष्णतेने रंग गमावून लवकर गंजतो, पण युद्धात पुष्कळ रणगाडे काही आठवडे किंवा महिनेच टिकत, त्यामुळे चालत्या रणगाड्याच्या जाड पत्र्यावर खोल गंज सहसा खोटा वाटतो. पोलादी ट्रॅक (चाकांभोवतीचा साखळीपट्टा) खोबणींत तपकिरी आणि जमिनीला घासणाऱ्या भागांवर चकाकणारा असतो. तिथे शिसपेन्सिलीचे ग्रॅफाइट बोटाने घासले तरी पुरते. शर्मन या अमेरिकी रणगाड्याच्या ट्रॅकवरील रबरी पॅडांना मात्र अशी चमक नको, ती धुळकट करड्या रंगाचीच ठेवावीत.

धूळ आणि चिखल शेवटी. पिगमेंटची कोरडी पूड ब्रशाने टाकून फिक्सर (पूड चिकटवणारे द्रव) किंवा व्हाइट स्पिरिटने बसवतात. दाट चिखलासाठी तीत प्लास्टर किंवा ॲक्रिलिक जेल मिसळतात. वाळलेला चिखल फिका आणि मॅट, ओला गडद आणि किंचित चमकदार, आणि दोन्ही एकाच चाकावर असू शकतात. पिगमेंटवर मॅट वॉर्निश फवारले की त्याचा धुळकटपणा बराचसा नाहीसा होतो, म्हणून अनेक जण ते टाळतात आणि प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवतात.

स्पेनमधील मिगेल हिमेनेझ आणि त्यांच्या समकालीनांमुळे २००० नंतर कलर मॉड्युलेशनचा बोलबाला झाला. यात प्रत्येक पत्रा वरच्या कडेला फिका व खाली गडद रंगवतात. खरा रणगाडा असा दिसत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी हा फरक संयमाने ठेवला तर वरच्या वॉश-धुळीने तो बराच दबतो. भडक ठेवला तर लोखंडापेक्षा रंगकाम आधी नजरेत भरते.