शांत मासा, पण कोणासाठी?

शोभेच्या माशांच्या बहुतेक तक्त्यांत प्रत्येक जातीपुढे एकेक स्वभाव लिहिलेला असतो. कोणी शांत, कोणी निमशांत, कोणी आक्रमक. निऑन टेट्रापुढे ‘शांत’ आणि एंजल फिशपुढे फार तर ‘निमशांत’ एवढेच वाचून माणूस दोन्ही मासे एकाच टाकीत सोडतो आणि काही महिने सारे सुरळीत चालते. मग एका सकाळी मोजदाद करताना १२ निऑनपैकी ९च सापडतात. मेलेला मासा टाकीत कुठेच नसतो, एंजलचे पोट मात्र किंचित फुगलेले दिसते. या काळात एंजलचा स्वभाव बदललेला नसतो, त्याचे तोंड मोठे झालेले असते.

टाकीत पाळले जाणारे बहुतेक मासे भक्ष्याचे लचके तोडत नाहीत. ते झटक्यात जबडा उघडतात, त्यासरशी तोंडाची पोकळी पसरते आणि आत धावणाऱ्या पाण्याबरोबर समोरचा घास ओढला जातो. म्हणून एखादा मासा दुसऱ्याला खाईल की नाही, हे बव्हंशी एकाच्या जबड्याच्या रुंदीवर आणि दुसऱ्याच्या अंगाच्या जाडीवर ठरते. निऑन पूर्ण वाढल्यावरही तीन-साडेतीन सेंटिमीटरचा आणि सडपातळच राहतो. एंजल मात्र परांसकट १५ सेंटिमीटरहून उंच होतो. दोन्ही जाती अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या असल्यामुळे त्या गुण्यागोविंदाने नांदतील असे पुष्कळदा सांगितले जाते. पण खाणारा आणि खाल्ला जाणारा हे एकाच पाण्यात राहणार, यात नवल काय?

सकाळी दिवा लावण्याच्या वेळी टाकीजवळ बसून पाहावे. रात्रभराच्या अंधारानंतर निऑनचा तो प्रसिद्ध पट्टा निळा नसतोच, मळकट जांभळा दिसतो आणि मासे वनस्पतींच्या आडोशाला विखुरलेले, जवळजवळ निश्चल असतात. उजेड पडल्यावर काही मिनिटांत जांभळ्याचा निळा आणि निळ्याचा हिरवट निळा होत जातो. हा रंग रंगद्रव्याचा नव्हे. त्वचेच्या पेशींत ग्वानिन या पदार्थाच्या अतिशय पातळ स्फटिकांचे थर असतात आणि त्यांच्या मांडणीनुसार परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. मासे एकत्र येऊन थवा बांधतात ते त्यानंतर, आणि तोवर प्रत्येक जण एकेकटा, म्हणजे एंजलसाठी सोपा घास असतो.

घास तोंडाच्या मापावर ठरतो, म्हणूनच मासा निवडताना समोर दिसणारे पिल्लू विसरून त्याचा पूर्ण वाढलेला आकार डोळ्यांसमोर आणावा लागतो. ‘काच साफ करणारा’ म्हणून बोटाएवढा आणलेला सकर फिश ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि ऑस्करही तेवढाच होतो. तोंडात मावणारा प्रत्येक मासा पचतोच असेही नाही. कोरिडोरस या तळाशी वावरणाऱ्या माशाच्या परांत ताठ काटे असतात व घाबरल्यावर तो ते पसरून अडकवून धरतो. असा मासा घशात अडकला, तर गिळणारा आणि गिळलेला असे दोन्ही मासे मरू शकतात.

आता संख्येकडे वळू, कारण माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात. टायगर बार्ब हा पर कुरतडणारा मासा म्हणून बदनाम आहे. तीन-चार बार्ब एकत्र ठेवले तर ही बदनामी खरीही ठरते. मात्र तेच आठ-दहा असले, तर त्यांचा बहुतेक वेळ आपापसांतली उतरंड ठरवण्यात जातो, पाठलाग आणि धक्काबुक्की थव्यातच राहते, आणि इतरांचा त्रास पुष्कळ कमी होतो. तरीही लांब परांच्या संथ माशांजवळ, म्हणजे एंजल, गप्पी किंवा दोऱ्यासारखे पर लोंबवत फिरणाऱ्या गुरामीजवळ, त्यांना ठेवू नये. लोंबणारा पर हे त्यांच्यासाठी आमंत्रणच असते. गप्पीची झुलती शेपटी पाहून नर फायटर मासाही पुष्कळदा बिथरतो.

टेट्रा, डॅनिओ, कोरिडोरस या भित्र्या माशांना संख्येची गरज वेगळ्या कारणाने असते. अनेक हलत्या अंगांतून एकावर नजर ठेवणे शिकाऱ्याला जड जाते, म्हणून थवा म्हणजे त्यांचे संरक्षण. सहाहून कमी असले की ते कोपरा धरतात, खाणे टाळतात आणि त्यांचे रंग फिके पडतात. यात एक रासायनिक बाजूही आहे. मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडल्याबद्दल १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये असे नोंदवले होते, की मिनो जातीच्या एका माशाच्या त्वचेला इजा होताच तिच्यातून पाण्यात मिसळणाऱ्या पदार्थामुळे बाकीचा थवा भयभीत होतो. टेट्रा, बार्ब, डॅनिओ, कोरिडोरस आणि गोल्डफिश हे सारे मिनोच्याच मोठ्या गटातले आहेत. नदीत असा इशारा वाहून जातो, टाकीत मात्र तो सर्वांभोवती रेंगाळतो. एका माशाला झालेली जखम ही त्या एकट्याची राहत नाही.

पाण्याचा विसंवाद डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सर्वांत उशिरा लक्षात येतो. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे परासरणाने कल्ल्यांवाटे पाणी सतत आत शिरत राहते. मासा ते भरपूर पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांनी पुन्हा शोषून घेतो. हे यंत्र प्रत्येक जातीत तिच्या मूळच्या पाण्याला जुळलेले असते. निऑनचे पाणी मृदू आणि आम्लधर्मी, तर मॉलीला क्षारांनी जड झालेले, सामू (पीएच) ७.५ ते ८.५ असलेले पाणी मानवते. पैदास केंद्रांत वाढलेले निऑन उदासीन पाण्याशी जुळवून घेतात हे खरे, पण मॉलीच्या पाण्यात ते नुसते तग धरतात.

सामू एका अंकाने वाढला की पाण्याची आम्लता दहापट घटते. याचा थेट परिणाम माशांनी टाकलेल्या अमोनियावर होतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, तर सामू ८ झाला की तोच सुमारे पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे गर्दी तीच आणि घाणही तेवढीच असली, तरी जड, अल्कधर्मी पाण्यातले मासे आधी गुदमरतात.

तापमानाबाबत तडजोडीचा मोह फार होतो. गोल्डफिशला १८ ते २२ अंश आणि डिस्कसला २८ ते ३० अंश हवेत, म्हणून हीटर २५ वर लावला की दोघांचीही सोय झाली असे वाटते. प्रत्यक्षात दोघांचीही गैरसोयच होते. शिवाय तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसात. नेमकी तेव्हाच माशाची गरज मात्र वाढलेली असते.

वर, मध्ये आणि तळाशी असे तीन थर भरावेत हा सल्ला ठीक आहे, आणि तोंडाच्या ठेवणीवरून माशाचा थर ओळखताही येतो. वर वळलेले तोंड पृष्ठभागावर खाणाऱ्याचे, खाली वळलेले तळाशी चरणाऱ्याचे. पण थर वेगळे असले तरी विणीच्या काळात एंजलची जोडी अख्ख्या टाकीला एका कोपऱ्यात हाकलते. कोरिडोरसला ‘सफाई कामगार’ समजून उष्ट्यावर ठेवणेही चूक आहे. त्याला स्वतःचे खाद्य आणि मिशांना इजा न करणारी बारीक वाळू लागते.

मग काय जमते? साधारण १०० लिटरच्या टाकीत, सामू ६.५ ते ७ आणि २५ अंश तापमानाला १२ निऑन, ६ कोरिडोरस आणि हनी गुरामीची एक जोडी हा मेळ सहसा बिघडत नाही. मात्र फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे द्यावेत. हद्द आखणारा मासा, इथे गुरामी, सर्वांत शेवटी सोडावा. असा मासा आधीपासूनच टाकीत असेल तर नवा शेजारी आणण्यापूर्वी दगड, लाकूड आणि झाडे हलवून मांडणी बदलावी आणि काही तास दिवा बंद ठेवावा. उजेड पडतो तेव्हा जुन्या माशालाही आपली हद्द नव्याने शोधावी लागते.