पेज फॉल्ट आणि एका लॉकची तेरा वर्षं

प्रोग्रॅमने मेमरी मागितली आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) ‘दिली’ म्हटलं, तरी बहुतेक वेळा ते नुसतं आश्वासन असतं. त्या पत्त्याला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा पेज फॉल्ट होतो, म्हणजे प्रोसेसर अडतो आणि काम कर्नलकडे येतं. मग कर्नल रिकामं पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) शोधतो, शून्यांनी भरतो, पेज टेबलात (कोणता पत्ता मेमरीत कुठे आहे, याच्या तक्त्यात) नोंद करतो आणि प्रोग्रॅम पुढे चालू लागतो. मागेल तेव्हाच पेज पुरवण्याची ही रीत १९६२ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकापासूनची.

ॲटलसच्या काळी थ्रेड्सची, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांची, गर्दी नव्हती. लिनक्समध्ये मात्र एका प्रोसेसचे (चालू प्रोग्रॅमचे) सगळे थ्रेड एकच ॲड्रेस स्पेस (पत्त्यांचा पट्टा) वापरतात. तिचे तुकडे म्हणजे व्हीएमए, आणि त्या सगळ्यांवर मिळून वर्षानुवर्षं एकच लॉक (कोणाला कधी आत सोडायचं ते ठरवणारं कुलूप) होतं: एमएमॅप-सेम. फॉल्ट हाताळणारा ते ‘वाचक’ म्हणून, म्हणजे व्हीएमए न बदलता फक्त बघायला, घेतो, त्यामुळे अनेक फॉल्ट एकाच वेळी चालू शकतात. निदान कागदावर. प्रत्यक्षात वाचकालाही लॉकमधला आकडा बदलावा लागतो, आणि तो आकडा धरणारी कॅश लाइन (प्रोसेसरच्या वेगवान मेमरीतला छोटा तुकडा) या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत राहते. त्यात एखादा थ्रेड एमएमॅप (ॲड्रेस स्पेसमध्ये नवा तुकडा मागणं) करायला आला, की तो ‘लेखक’, म्हणजे बदल करणारा. तो रांगेत उभा राहिला की मागून येणारे वाचकही अडकतात. नवा थ्रेड सुरू करताना त्याच्या स्टॅकसाठीही एमएमॅपच लागतो, म्हणजे सुरू होतानाच भराभर थ्रेड काढणारं मोबाइल ॲप स्वतःच्याच पायात पाय अडकवून घेतं.

जानेवारी २०१० मध्ये पीटर झाइलस्ट्रा यांनी ‘स्पेक्युलेटिव्ह’ (अंदाजावर चालणाऱ्या) फॉल्टचे पॅच (कर्नलच्या कोडमधले प्रस्तावित बदल) मांडले. लॉक घ्यायचंच नाही. व्हीएमएचा सीक्वेन्स आकडा (व्हीएमए बदलला की वाढणारा) टिपायचा, पेज तयार ठेवायचं आणि नोंद करण्याआधी तो आकडा पुन्हा बघायचा. तोच असेल तर काम फत्ते. बदलला असेल, तर केलेलं टाकून जुन्या वाटेने पुन्हा सुरुवात.

ऐकायला सोपं, पण आपण वाचतोय तो व्हीएमए तेवढ्यात कुणी मोकळा केला तर? पेज टेबलच पायाखालून गेलं तर? पॅचचा बराचसा जीव या दोन प्रश्नांतच अडकला होता. २०१७ पासून आयबीएमचे लॉरां द्युफूर यांनी काम नेटाने पुढे नेलं. २०१९ पर्यंत बारा आवृत्त्या झाल्या. पुढे मिशेल लेस्पिनास यांनी नव्याने प्रयत्न केला. (२०२० मध्ये लॉकचं नाव बदलून एमएमॅप-लॉक झालं, तेही त्यांच्याच पॅचमुळे.) स्पेक्युलेटिव्ह फॉल्ट मात्र मुख्य कर्नलमध्ये गेलेच नाहीत. फॉल्टच्या जवळजवळ प्रत्येक वाटेला ‘आपण लॉकशिवाय आलोय का?’ हे विचारत बसायला लावणारा कोड सांभाळणार कोण? माझ्या मते नकार रास्तच होता.

कोंडी फुटली ती लॉकच बारीक केल्यावर. कर्नलच्या ६.१ आवृत्तीत व्हीएमए ठेवायला मेपल ट्री (माहिती झाडासारखी मांडायची रचना) आलं. ते आरसीयूच्या (कुणी वाचत असेपर्यंत जुनी माहिती मोकळी न करण्याच्या युक्तीच्या) भरवशावर लॉकशिवाय वाचता येतं. त्याच्या आधारे सुरेन बागदासारियन यांनी प्रत्येक व्हीएमएला स्वतःचं लॉक दिलं, आणि २०२३ मध्ये ६.४ सोबत ते बाहेर पडलं. सीक्वेन्स आकडे इथेही आहेत, पण निराळ्या कामाला: लेखकाने लॉक केलेले सगळे व्हीएमए शेवटी एक आकडा वाढवून एकदम सुटतात.

पदार्पण काही निर्विघ्न झालं नाही. फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) चालू असताना मेमरी बिघडत असल्याचं उघड झालं आणि जुलैमध्ये ही सोय काही दिवस चक्क बंद ठेवावी लागली. फोर्क करताना पालक प्रोसेसचे व्हीएमएही लॉक करायचे, ही दुरुस्ती आल्यावरच ती पुन्हा चालू झाली. सुरुवातीला ती फक्त अनामिक (कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या) मेमरीपुरती होती. फाइलच्या पेजेसचे फॉल्ट पुढच्या आवृत्त्यांत हळूहळू या वाटेवर आले.