जॅकार्ड माग

कापड विणतानाच त्यात नक्षी पाडणारं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं यंत्र. त्याला माग म्हणणं तसं थोडं चुकीचंच आहे, कारण हा अख्खा माग नाही, मागाच्या डोक्यावर बसवायचा सांगाडा आहे. खाली हातमाग असो की पॉवरलूम, ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), बाणा ठोकून बसवणारी फणी, बाणा आरपार नेणारा धोटा सगळं तेच राहतं, बदलतं ते इतकंच की ताण्यातले कुठले धागे वर जाणार हे पायाखालच्या पावड्या ठरवत नाहीत, पुठ्ठे ठरवतात.

आधी हे काम माणूस करायचा. फुलं, पानं, पक्षी विणायचे तर शेकडो धागे सुटे सुटे उचलावे लागतात, म्हणून विणकराच्या जोडीला दोऱ्या ओढणारं एक पोर लागायचं आणि दिवसभर ओढून दिवसाला काही इंचच कापड निघायचं. बनारसचा जाला, म्हणजे नक्षीसाठी धागे ओढायची दोऱ्यांची जाळी, याच जातीचा. मुळात नक्षीचा माग चीनमधला असं बहुतेक अभ्यासक मानतात, चेंगडूजवळ हान काळातल्या थडग्यात, म्हणजे साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या, नक्षीच्या मागांच्या लाकडी प्रतिकृती सापडल्यापासून ते मत जास्तच पक्कं झालंय.

खरा वाद आहे तो जॅकार्डच्या श्रेयाचा. जोझेफ मारी जॅकार्ड (१७५२–१८३४) हा फ्रान्समधल्या लियाँचा, विणकराच्याच घरातला. पण भोकांची कल्पना त्याची नाही. १७२५ च्या सुमारास बाझिल बूशाँने लियाँतच भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी वापरली, नंतर दोनतीन वर्षांत फाल्कोंने गुंडाळीऐवजी एकमेकांना बांधलेले पुठ्ठे आणले, पण तरी ते दाबून धरायला एक माणूस लागायचाच. तो माणूस काढला व्होकान्सोंने, साधारण १७४५ ला, यांत्रिक बदक बनवणारा तोच हा, त्याने यंत्रणा मागाच्या वर नेली, मात्र भोकं नळकांड्यावर असल्याने मोठी नक्षी बसेना आणि ते यंत्र पडून राहिलं. जॅकार्डला पॅरिसमध्ये ते बघायला मिळालं असं सांगतात. त्याने फाल्कोंचे पुठ्ठे आणि व्होकान्सोंची वरची यंत्रणा एकत्र केली, वर्ष बहुतेक ठिकाणी १८०४ दिलं जातं, काहीजण १८०१ देतात, पण १८०१ च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळालं ते त्याच्या आधीच्या, वेगळ्या मागाला, त्यामुळे १८०४ च धरलेलं बरं. त्यातही सुरुवातीची यंत्रं नीट चालत नव्हती आणि ब्रताँ नावाच्या कारागिराने १८१७ च्या आसपास केलेल्या सुधारणांनंतरच ती भरवशाची झाली, हे मत आता जास्त पटण्यासारखं वाटतं. म्हणून जॅकार्ड छोटा ठरत नाही, आधीच्या तिघांची अर्धवट कामं जुळवून आणणं हे काही साधं काम नव्हे.

यंत्र चालतं ते असं. वर उभ्या आकड्यांच्या रांगा असतात, प्रत्येक आकड्याला खाली दोर आणि दोराला ताण्याचा धागा ओवलेला डोळा, डोळ्याखाली तो परत खाली यावा म्हणून वजन. प्रत्येक आकडा एका आडव्या सुईत अडकवलेला असतो. सुयांसमोर चौकोनी ठोकळा, त्यावर पुठ्ठा, आणि बाण्याच्या दर धाग्याला ठोकळा पाव वळसा घेऊन नवा पुठ्ठा सुयांवर आपटतो. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, आकडा जागचा हलत नाही आणि वर चढणारं पातं त्याला धरून उचलतं, धागा वर. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा पात्यापासून सरकतो, धागा खालीच. मग वर-खालच्या धाग्यांमधून धोटा जातो, सुईमागची स्प्रिंग तिला जागेवर आणते आणि पुढचा पुठ्ठा येतो. म्हणजे बाण्याच्या एका धाग्याला एक पुठ्ठा, नक्षी मोठी तर माळ मोठी. एका आकड्याला अनेक दोर बांधले की तीच नक्षी पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, पुन्हा पुन्हा येते. चौकटीच्या कागदावर नक्षी मांडून त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडणं हा वेगळाच कसबी धंदा. १८३९ ला लियाँत जॅकार्डचंच रेशमी चित्र विणलं, त्याला तब्बल २४,००० पुठ्ठे लागले. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती आणि आपल्या अॅनालिटिकल इंजिनासाठी, म्हणजे त्याने आखलेल्या यांत्रिक गणकयंत्रासाठी, त्याने पुठ्ठ्यांचीच कल्पना घेतली.

१८०५ ला नेपोलियनच्या सरकारने हे यंत्र सगळ्यांना खुलं केलं आणि जॅकार्डला पेन्शन दिली. विणकरांनी चिडून यंत्रं जाळल्याच्या गोष्टी खूप फिरतात, विरोध झालाही, पण लियाँतले १८३१ चे आणि १८३४ चे उठाव त्याच खात्यात टाकणं बरोबर नाही. १८३१ चा उठाव मजुरीचा ठरलेला दर पाळला जात नाही म्हणून होता, यंत्र मोडायला नव्हता. उंच माग मावावेत म्हणून लियाँच्या क्र्वा-रूस भागात बांधलेली उंच छतांची घरं अजून उभी आहेत.

आपल्याकडे येवल्यात हातमागावर जॅकार्ड बसवून साडीच्या अंगावरची नक्षी विणतात. पैठणीचा पारंपरिक पदर मात्र यंत्राशिवाय होतो, तिथे मोराच्या एकेका रंगाची वेगळी कांडी (धागा गुंडाळलेली नळी) हाताने फिरवून धागे एकमेकांत अडकवत जातात, त्यामुळे मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. जॅकार्डच्या कापडाला बहुधा मागे सुटे धागे तरंगताना दिसतात.