फॉलिक ॲसिड, फोलिनिक ॲसिड की मिथाइलफोलेट: एकाच व्हिटॅमिनचे तीन प्रकार आले कुठून

प्रेग्नन्सीचं प्लॅनिंग सुरू झालं किंवा रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो ॲसिड, फोलेट कमी पडलं की वाढतं) वाढलेलं दिसलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, साधं फॉलिक ॲसिड घ्यायचं की मिथाइलफोलेट? आणि मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की फॉलिक ॲसिड सिंथेटिक आहे, ते शरीराला वापरताच येत नाही, ॲक्टिव्ह फॉर्म म्हणजे मिथाइलफोलेटच घ्या. मला वाटतं यातला अर्धा गोंधळ इतिहास माहीत नसल्यामुळे होतो, कारण हे प्रकार वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या अडचणींसाठी आले आणि प्रत्येकामागचा पुरावासुद्धा वेगळा आहे.

सुरुवात होते मुंबईत. 1928 मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर तिथे आल्या, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा गंभीर ॲनिमिया अभ्यासायला. या ॲनिमियात लाल पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या दिसायच्या. विल्सबाईंनी आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टपासून बनणारं मार्माइट देऊन बघितलं तर माकडं सुधारली, मग पेशंट बायकांनाही तेच दिलं आणि त्याही सुधारल्या, 1931 मध्ये त्यांनी हे छापलं. यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती, ती म्हणजे परनिशस ॲनिमियावर (बी12 नीट शोषलं न गेल्यामुळे होणाऱ्या ॲनिमियावर) चालणारा शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क या बायकांना लागू पडत नव्हता, पण कच्चा अर्क पडत होता. म्हणजे यात काहीतरी दुसरंच द्रव्य आहे हे त्यांच्या लक्षात आलं. बरीच वर्षं त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. आज आपण बी12 आणि फोलेट (म्हणजे बी9, ज्याचे हे तीन प्रकार) वेगवेगळं मोजतो त्याची पहिली खूण इथे आहे.

पुढे 1941 मध्ये टेक्सासमध्ये चार टन पालकातून हे द्रव्य वेगळं काढलं, मिळालं ते अगदी थोडं. मग लेडर्ले या औषध कंपनीच्या लॅबमध्ये ते स्फटिकरूपात मिळालं आणि 1945 च्या सुमारास यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या टीमने ते पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलं. हे जे बनलं ते फॉलिक ॲसिड. आणि इथेच आजच्या वादाचं मूळ आहे. भाज्या-डाळींत जे फोलेट असतं ते रासायनिकदृष्ट्या नाजूक असतं, उष्णता, उजेड, हवा यांनी खराब होतं, आणि त्याच्या रेणूला ग्लुटामेटची लांब शेपटी असते जी आतड्यात तोडावी लागते. फॉलिक ॲसिडला ती शेपटी नाही, ते खूप टिकाऊ आहे आणि सहज शोषलं जातं. पण ते जसंच्या तसं शरीराच्या कामाचं नाही, आधी डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाच्या एन्झाइमने त्याचं रूपांतर व्हावं लागतं. म्हणजे 'सिंथेटिक' हा आक्षेप खरा असला तरी अर्धवट आहे. टिकाऊ असल्यामुळेच तर ते गोळीत आणि पिठात घालता आलं!

सुब्बारावांच्याच टीमने मग फॉलिक ॲसिडसारखीच दिसणारी पण त्याचं काम अडवणारी रसायनं बनवली. त्यातलं अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं आणि 1948 मध्ये 16 पैकी 10 मुलांमध्ये तात्पुरती का होईना सुधारणा दिसल्याचं छापलं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. आता मेथोट्रेक्सेट नेमकं वर सांगितलेलं डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हेच एन्झाइम बंद करतं, मग मोठा डोस दिल्यावर निरोगी पेशी वाचवायच्या तर फॉलिक ॲसिड देऊन फारसा उपयोग नाही, कारण रस्ता पुढे बंदच आहे. तिथे कामाला येतं फोलिनिक ॲसिड म्हणजेच ल्युकोव्होरिन, जे त्या एन्झाइमच्या पलीकडे आत शिरतं. हा दुसरा प्रकार असा कॅन्सरच्या वॉर्डातून आलेला आहे, त्याची पूरक गोळी म्हणून ओळख नंतरची. (संधिवातासाठी कमी डोसमध्ये आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना मात्र साधं फॉलिक ॲसिडच बहुतेक वेळा देतात, ते वेगळं प्रकरण आहे.)

दरम्यान एक धडा महागात पडला होता. 1940 च्या दशकाच्या शेवटी परनिशस ॲनिमियाच्या पेशंटना फॉलिक ॲसिड दिलं तेव्हा रक्त सुधारलं पण नसांचं नुकसान चालूच राहिलं, काहींचं वाढलं, कारण त्यांच्यात खरी कमतरता बी12 ची होती. मोठ्यांसाठी फॉलिक ॲसिडची दिवसाला 1000 मायक्रोग्रॅमची वरची मर्यादा ठरली ती याच भीतीतून. म्हणून कुठलाही प्रकार घ्या, बी12 तपासून घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. मिथाइलफोलेटलाही पुढे कामाला लागायला बी12 लागतंच, नाहीतर ते तिथेच अडकून पडतं.

आता सगळ्यात मोठा टप्पा. 1965 मध्ये हिबार्ड आणि स्मिथेल्स यांनी मांडलं की आईच्या फोलेटच्या गडबडीचा आणि बाळाच्या मेंदू-मणक्यातल्या दोषांचा संबंध असावा. ते सिद्ध व्हायला पुढची पंचवीस-एक वर्षं गेली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची ट्रायल 1991 मध्ये आली, 7 देशांतली 33 केंद्रं, आधीचं बाळ अशा दोषाचं झालेल्या बायका, आणि डोस 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड. एकूण 27 बाळांमध्ये दोष निघाला, त्यातली फॉलिक ॲसिड मिळालेल्या गटांमधली फक्त 6 आणि न मिळालेल्यांमधली 21. म्हणजे धोका 72 टक्क्यांनी कमी. फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल वेळेआधी थांबवली. पुढच्याच वर्षी हंगेरीतून बातमी आली, आधी असं काही न झालेल्या बायकांना 0.8 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेलं मल्टिव्हिटॅमिन दिलं तर त्या गटात असा दोष एकाही बाळात नाही आणि दुसऱ्या गटात 6. 1992 मध्येच अमेरिकेच्या आरोग्य खात्याने मूल होऊ शकणाऱ्या सगळ्या बायकांना रोज 400 मायक्रोग्रॅमचा सल्ला दिला, आणि 1998 पासून तिथल्या धान्यपिठात फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं झालं. मणक्याची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आसपास बंद होते, तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं, म्हणून गोळी आधीपासून सुरू करायची.

हे सगळे आकडे फॉलिक ॲसिडचे आहेत हे नीट लक्षात ठेवा, कारण मिथाइलफोलेटची गोष्ट यानंतर सुरू होते.

1995 मध्ये मॉन्ट्रियलच्या रीमा रोझेन यांच्या टीमने एमटीएचएफआर जीनमधला तो प्रसिद्ध 677 क्रमांकाचा बदल शोधला. हे एन्झाइम फोलेटचं शेवटचं रूप म्हणजे 5-मिथाइलफोलेट बनवतं, आणि ज्यांच्याकडे या बदलाच्या दोन्ही प्रती आहेत त्यांच्यात ते बरंच मंद चालतं. मग विचार साहजिक होता, जे एन्झाइम मंद आहे त्याच्या पुढचंच रूप थेट देऊ. त्यातच 1990 च्या दशकात हेही दिसलं की एका वेळी साधारण 200 मायक्रोग्रॅमच्या वर फॉलिक ॲसिड घेतलं तर थोडं न बदललेलं तसंच रक्तात दिसतं. मिथाइलफोलेट नाजूक असल्यामुळे ते गोळीत टिकवणं अवघड होतं, ते मर्क कंपनीच्या मेटाफोलिनसारख्या कॅल्शियम क्षाराने आणि नंतर क्वाट्रेफोलिकसारख्या ग्लुकोसामाइन क्षाराने जमलं. 2004 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने कॅल्शियमवाल्या प्रकाराला हिरवा कंदील दिला. एक बारीक गोष्ट, रासायनिक पद्धतीने बनवताना याची दोन रूपं तयार होतात आणि त्यातलं एकच कामाचं असतं, म्हणून लेबलवर एल किंवा 6एस लिहिलेलं आहे का ते बघायचं.

मिथाइलफोलेटने लाल पेशींमधलं फोलेट वाढतं, काही अभ्यासांत फॉलिक ॲसिडपेक्षा थोडं जास्तच वाढलं, हे खरं आहे. पण बाळातले दोष टळतात का हे तपासणारी 1991 सारखी मोठी ट्रायल त्याची नाही, आणि आता गरोदर बायकांना फोलेट न देता तुलना करणं नैतिकदृष्ट्या शक्यही नाही. उलट जीनमधल्या त्या बदलाच्या दोन प्रती असलेल्यांमध्येही फॉलिक ॲसिडने रक्तातलं फोलेट वाढतं, आणि तेवढंच फॉलिक ॲसिड घेणाऱ्या इतरांपेक्षा त्यांचं साधारण 16 टक्क्यांनीच कमी भरतं. अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसी म्हणूनच त्यांनाही फॉलिक ॲसिडच सुचवते. माझं मतही तेच, बाळासाठी घेत असाल तर ज्याचा पुरावा आहे ते घ्या, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या काही कारणाने मिथाइलफोलेट लिहिलं असेल तर का ते विचारून घ्या. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस डॉक्टरच ठरवतील, तो बराच मोठा असू शकतो.

आणि लेबल वाचताना एक काळजी. 1998 मध्ये अमेरिकेत डीएफई (डाएटरी फोलेट इक्विव्हॅलंट, म्हणजे अन्नातल्या फोलेटच्या तुलनेतलं) नावाचं माप आलं, कारण फॉलिक ॲसिड अन्नातल्या फोलेटपेक्षा जास्त शोषलं जातं, म्हणून 1 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड म्हणजे 1.7 डीएफई धरतात. 2016 च्या नियमांनंतर तिथल्या बाटल्यांवर हाच आकडा ठळक असतो. त्यामुळे ज्या बाटलीवर 400 मायक्रोग्रॅम डीएफई लिहिलंय तिच्यात प्रत्यक्ष फॉलिक ॲसिड साधारण 240 मायक्रोग्रॅमच असतं, तो आकडा शेजारी कंसात छापलेला असतो, आणि प्रेग्नन्सीसाठी सांगितलेले 400 हे त्या कंसातल्या आकड्याचे आहेत.