जेवणानंतरचा चहा आणि अन्नातलं लोह

पालेभाज्या आणि कडधान्यं नियमित खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. रक्तस्राव किंवा पोटाचा आजार हे कारण आहे का, हे डॉक्टरांनी तपासायलाच हवं. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट पाहावी: जेवण झाल्यावर चहा किती वेळाने घेतला जातो?

हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं, आणि अन्नातलं लोह दोन प्रकारचं असतं. मांस-मासळीतलं बरंचसं लोह ‘हीम’ या रेणूत बांधलेलं असतं आणि ते तुलनेने सहज शोषलं जातं. धान्यं, डाळी, भाज्या यांतलं लोह हीमविना असतं. त्यातलं बहुतेक वेळा दहा टक्क्यांहूनही कमी रक्तात पोचतं. शाकाहारी माणसाची सगळी भिस्त या दुसऱ्या प्रकारावर, आणि चहा नेमका त्याच्याच आड येतो.

लोहाची ‘फेरिक’ आणि ‘फेरस’ अशी दोन रासायनिक रूपं असतात. हे हीमविना लोह बहुतांशी ‘फेरिक’ रूपात असतं. जठरातल्या आम्लात ते विरघळतं, पण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी ते ‘फेरस’ रूपातच आत घेतात. तिथे पोचेपर्यंत चहा-कॉफीतले पॉलिफेनॉल (वनस्पतींतली तुरट चवीची रसायनं) त्याला गाठतात आणि घट्ट धरून ठेवतात. असं जखडलेलं लोह पेशींना घेता येत नाही, ते तसंच शौचावाटे निघून जातं. जेवणासोबत प्यायलेल्या एका कप कडक चहामुळे या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. ग्रीन टीही याला अपवाद नाही. कॅफिन काढलेली कॉफी घेऊनही फरक पडत नाही, कारण इथे दोष कॅफिनचा नाहीच. दूध घालणं हाही उपाय नव्हे. दुधातलं कॅल्शियम स्वतःच लोहाच्या शोषणात अडथळा आणतं.

चहा सोडायची गरज नाही. जेवण आणि चहा यांत निदान एक तास, जमल्यास दीड-दोन तास ठेवावेत.

उलट दिशेने काम करतं क जीवनसत्त्व. ते फेरिक लोहाचं फेरस करतं आणि आतड्यात विरघळलेलंही ठेवतं. मात्र ते त्याच जेवणात हवं. सकाळी खाल्लेलं संत्रं रात्रीच्या डाळीच्या कामाचं नाही. लिंबू भांडं आचेवरून उतरवल्यावर, शक्यतो ताटातच पिळावं, कारण शिजताना हे जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. पेरू, संत्रं किंवा कच्ची ढोबळी मिरची लिंबापेक्षाही भरीव काम करते. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणावेत. मोड येताना दाण्यातलं फायटिक आम्ल कमी होतं. तेही लोहाला धरून ठेवतं.

लोहाच्या गोळीलाही हाच नियम लागू आहे. ती पाण्यासोबत किंवा लिंबाच्या पाण्यासोबत घ्यावी, चहा-दुधासोबत नको. कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर असावं. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळपट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण शौच डांबरासारखं चिकट झालं तर डॉक्टरांना दाखवावं. थॅलेसेमिया (आनुवंशिक रक्तविकार) किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह वाढवायच्या फंदात पडू नये.

वेळेचा हिशेब इतरत्रही लागतो. कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला प्रौढांत साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं अर्धं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं, त्यामुळे झोप न येणाऱ्यांनी शेवटचा कप दुपारीच घ्यावा. लिंबू सरबत किंवा शीतपेय प्यायल्यावर लगेच दात घासू नयेत. आम्लाने दातांचं एनॅमल तात्पुरतं मऊ पडलेलं असतं आणि ब्रशने ते झिजतं. पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा ते एक तास थांबावं. गाजर-पालकातलं बीटा कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं, म्हणून कोशिंबिरीवर चमचाभर तेल किंवा थोडे दाणे हवेतच.

चहाच्या तापमानाकडेही लक्ष असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेयांचा समावेश ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात केला. धोका अन्ननलिकेला आहे आणि तो चहाचा नसून उष्णतेचा आहे. गाळल्यावर काही मिनिटं कप तसाच ठेवावा आणि घोट जिभेला न चटका देता घेता येईल तेव्हाच प्यावा.