इंग्रजीतील वार्धक्यवाचक शब्दांचे लॅटिन मूळ

इंग्रजीतला ‘ओल्ड’ हा शब्द जर्मानिक कुळातला आहे. म्हातारपणाशी निगडित इतर बरेच शब्द मात्र लॅटिनमधून, त्यातही पुष्कळदा फ्रेंचच्या वाटेने, इंग्रजीत आले. त्यांत सर्वांत मोठा गोतावळा ‘सेनेक्स’ या शब्दाचा. सेनेक्स म्हणजे म्हातारा माणूस. त्याचे षष्ठीचे रूप ‘सेनिस’.

‘सेनिओर’ हे त्याचे तरभाववाचक रूप, म्हणजे ‘अधिक वयाचा’. इंग्रजीने ते ‘सीनियर’ म्हणून जवळजवळ जसेच्या तसे उचलले. आपला ‘म्हातारा’ही संस्कृत ‘महत्तर’ या तरभाववाचक रूपापासून आला आहे, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. ‘सेनिओर’चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘सीर’ झाले आणि त्यावरून इंग्रजीत ‘सर’ आला. शाळेत पंचविशीतल्या शिक्षकाला मुले ‘सर’ म्हणतात, तेव्हा शब्दाच्या मुळाकडे पाहता ती त्याला ‘वडीलधारे’ म्हणत असतात. फ्रेंच ‘मस्य’, स्पॅनिश ‘सेन्योर’ आणि पोर्तुगीज ‘सिन्योर’ ही याचीच भावंडे.

रोममधील ‘सेनाटुस’ म्हणजे मुळात वडीलधाऱ्यांची सभा. त्यावरून ‘सेनेट’ आणि ‘सेनेटर’. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेला आजही सर्रास ‘सिनेट’ म्हणतात, तो हाच शब्द. ‘सेना’ या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध नाही.

याच मुळापासून ‘सेनाइल’ही निघाला. सतराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ केवळ ‘वार्धक्याचा’ एवढाच होता. पुढे त्याला बुद्धी क्षीण झाल्याचा अर्थ चिकटला आणि आज एखाद्या वृद्धाला हा शब्द लावणे अपमानाचे ठरते. एकाच घरातल्या दोन शब्दांपैकी एकाला सभेत मानाचे आसन मिळावे आणि दुसऱ्याची शिवी व्हावी, हे दुःखद आहे. जीवशास्त्रातील ‘सेनेसन्स’ने, म्हणजे पेशींच्या व सजीवांच्या जीर्ण होत जाण्याला दिलेल्या नावाने, मात्र आपला तटस्थपणा टिकवला.

‘सेनेक्स’ला संस्कृतात सख्खा भाऊ आहे : ‘सन’, म्हणजे जुना. ‘सनातन’ हा शब्द त्याच्याच घरचा. मराठीत ‘सन १८५७’ असे लिहितो तो ‘सन’ मात्र अरबी; दोघांची गल्लत होऊ देऊ नये.

दुसरे मूळ ‘वेटुस’, म्हणजे जुना, बरीच वर्षे झालेला. ‘वेटेरानुस’ म्हणजे दीर्घ सेवा झालेला रोमन सैनिक, त्यावरून ‘व्हेटरन’. अंगात मुरलेल्या सवयीला लावला जाणारा ‘इन्व्हेटरेट’ही इथलाच. ‘वेटुस’च्या मागे ‘वर्ष’ या अर्थाचे प्राचीन इंडो-युरोपीय मूळ आहे. संस्कृतात त्यातूनच ‘वत्सर’ आणि ‘वत्स’ आले. ‘वत्स’ म्हणजे मुळात वर्षाचे वासरू, आणि मराठी ‘वासरू’ त्याचाच वंशज. गुढीपाडव्याला पंचांगातून वाचले जाणारे संवत्सराचे नाव, गोठ्यातले वासरू आणि रोमचा जुना शिपाई असे एका धाग्यात येतात.

‘एज’ या साध्या शब्दाने फार लांबचा प्रवास केला आहे. लॅटिन ‘आएवुम’ (काळ, आयुर्मान) यापासून ‘आएतास’ (वय), त्यापासून जुन्या फ्रेंचमधले ‘आअज’, आणि मग इंग्रजीत ‘एज’. ‘लाँजेव्हिटी’, म्हणजे दीर्घायुष्य, यातही ‘आएवुम’ दडलेले आहे. संस्कृत ‘आयुस्’ त्याच मुळाचे, त्यामुळे आपले ‘आयुष्य’ या शब्दांचे नातलग ठरते.

लॅटिनमध्ये म्हातारीला ‘आनुस’ म्हणत. त्यावरून आलेला ‘अनाइल’ इंग्रजीत क्वचितच दिसतो, आणि तोही ‘खुळचट’ या अर्थाने.

‘जेरिॲट्रिक्स’ (वृद्धरोगचिकित्सा) हा शब्द या यादीत बसत नाही. तो १९०९ साली अमेरिकेतील डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी ‘गेरास’ या ग्रीक शब्दावरून घडवला. ‘गेरास’ म्हणजे वार्धक्य. संस्कृत ‘जरा’ त्याच मुळाची.