हेलिकॉप्टर हा शब्द नेमका कुठे तोडायचा?

इंग्रजीतला लांबलचक शब्द समोर आला की आपण तो तोंडात बसेल तसा तोडतो, म्हणजे सिलेबलप्रमाणे. एका सिलेबलमध्ये साधारण एक स्वर आणि त्याला मागेपुढे चिकटलेली व्यंजनं. पण अर्थाचे तुकडे, ज्यांना मॉर्फीम म्हणतात, त्यांचे सांधे भलतीकडेच असतात, आणि हे दोन्ही एकच समजल्यामुळे लांब शब्दांची उगाच भीती बसते असं मला मनापासून वाटतं. क्रोकोडाइलमध्ये सिलेबल तीन पण अर्थाचा तुकडा एकच, उलट कॅट्स एका दमात म्हणून होतो तरी त्यात दोन तुकडे आहेत, मांजर आणि अनेकवचनाचा स.

आता हेलिकॉप्टर बघा. बोलताना आपण हे-लि-कॉप-टर म्हणतो, पण शब्द जुळवलाय हेलिको आणि प्टर असा. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखा वळसा, प्टर म्हणजे पंख, दोन्ही मूळ ग्रीक, आणि त्यावरून 1861 च्या सुमारास फ्रेंचमध्ये हा शब्द बनला. मग प आणि ट वेगळे का झाले? कारण इंग्रजी बोलताना सिलेबलची सुरुवात प्ट अशी होतच नाही, म्हणून प मागच्या सिलेबलला जाऊन चिकटला. टेरोडॅक्टिल या उडणाऱ्या प्राचीन सरीसृपाच्या नावातही हाच पंख आहे, तिथे तर प स्पेलिंगमध्ये असूनही उच्चारातून गायबच होतो! पुढे लोक मूळ सांधा विसरले आणि हेलि वेगळा काढून हेलिपॅड केलं, कॉप्टर तर एकटाच फिरायला लागला. चुकीच्या जागी तोडलेल्या शब्दातून असे नवे जिवंत शब्द निघतात हे मला फार भारी वाटतं.

45 अक्षरी स्पेलिंगचा न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस 1935 मध्ये एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांब व्हावा म्हणूनच बनवला, ते अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष होते. सिलेबल मोजलेत तर 19 भरतात आणि डोकं गरगरतं. अर्थाने तोडा: फुप्फुस, पलीकडचं, सूक्ष्म, दिसण्याशी संबंधित, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आजार. म्हणजे अतिसूक्ष्म सिलिकाची धूळ श्वासातून जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार, डॉक्टर ज्याला सरळ सिलिकोसिस म्हणतात.

इंग्रजी स्पेलिंग विचित्र वाटतं त्याचं एक कारणही इथेच आहे, ते बऱ्याचदा उच्चारापेक्षा अर्थाचा तुकडा जपतं. साइनमधला जी आपण म्हणत नाही, पण सिग्नल आणि सिग्नेचरमध्ये तोच जी खणखणीत ऐकू येतो, आणि तो लिहिलेला असतो म्हणूनच हे तिन्ही शब्द एका घरातले आहेत हे नजरेला लगेच कळतं.